मेलॅनोमा जांघेतल्या गाठीपर्यंत गेलाय. आधी ऑपरेशन की आधी औषध?

कोयनाकाठ | 4 फेब्रुवारी, रात्री 11:20

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलो. आज पहिला धागा काढतोय आणि तो असा काढावा लागतोय.

आमचे अण्णा, वय 64, पाटण तालुक्यात शेती करतात. दीडेक वर्षापूर्वी उजव्या टाचेवर काळपट डाग उठला. सगळ्यांनी कुरूप म्हणून सोडून दिलं. गावाकडच्या डॉक्टरांनी दोनदा ब्लेडने तासून वर कुरूपाची पट्टी लावली. तासलेली कातडी तपासायला गेलीच नाही. दिवाळीत डागातून रक्त यायला लागलं आणि जांघेत अवधाण आलं. पायाला जखम आहे म्हटल्यावर अवधाण येणारच, असं आम्हीही धरून चाललो. गोळ्यांचे दोन कोर्स झाले, अवधाण बसलं नाही. दुखतही नव्हतं, आणि तिथेच आम्हाला शंका यायला हवी होती.

पुण्यात आणून बायोप्सी केली. अ‍ॅक्रल मेलॅनोमा, म्हणजे तळहात-तळपायाला होणारा कातडीचा कॅन्सर, जाडी 4.2 मिमी, वर व्रण. जांघेतल्या गाठीत सुई घातली, तिथेही तेच. गाठ सव्वातीन सेंमी आहे. पेट स्कॅनमध्ये टाच आणि जांघ सोडून कुठे काही नाही. मेंदूचा एमआरआय चांगला आलाय.

पहिले सर्जन म्हणतात, पुढच्याच आठवड्यात टाचेचा भाग रुंद कापू आणि जांघेतल्या सगळ्या गाठी (लिम्फ नोड) काढू. दुसरे म्हणतात, आधी इम्युनोथेरपीचे (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधाचे) तीन डोस, मग ऑपरेशन. त्यात मी रात्री जागून वाचलं की सगळ्या गाठी काढून आयुष्य वाढत नाही, नुसती पायाला सूज राहते. मग ऑपरेशन टाळताच येईल का?

अण्णा एवढंच विचारतात, "पाय राहील ना?"

कुणाला अनुभव असेल तर सांगा. शनिवारपर्यंत कळवायचंय.

करवंद | 4 फेब्रुवारी, रात्री 11:52

आधी अण्णांना नमस्कार सांगा. माझा मावसभाऊ मेलबर्नला असतो. त्याच्या पाठीवरचा तीळ मेलॅनोमा निघाला. काखेतली एकच गाठ काढून तपासली, तिच्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या, तरी तिथल्या डॉक्टरांनी बाकीच्या गाठींना हात लावला नाही. दर चार महिन्यांनी सोनोग्राफी करायचे. पाच वर्षं झाली, धडधाकट आहे. म्हणून म्हणते, कापायची घाई करू नका.

स्पष्टवक्ता | 5 फेब्रुवारी, सकाळी 7:05

मला हे पटत नाही. घरात साप दिसलाय आणि आपण आधी औषध फवारून दोन महिने बघणार? गाठ हाताला लागतेय, सर्जन तारीख देतोय, काढून मोकळे व्हा. माझ्या काकांच्या घशाच्या कॅन्सरमध्ये "बघू, थांबू" यात तीन महिने गेले आणि मग ऑपरेशनच होईना. ते तीन महिने मी आजही विसरलेलो नाही.

ओंजळ | 5 फेब्रुवारी, सकाळी 8:30

एक सूचना. बायोप्सीच्या स्लाइड्स आणि तुकडा ज्यात जपतात ते मेणाचे ब्लॉक ताब्यात घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्या. ब्लॉक अर्ज केला की मिळतात. डॉक्टर कुणी आहे का धाग्यावर? सुईदोरा, दिसताय का?

सुईदोरा | 5 फेब्रुवारी, दुपारी 3:40

दिसतोय. ओपीडी आत्ता संपली.

कोयनाकाठ, मी कॅन्सर सर्जन आहे, पण अण्णांना तपासलेलं नाही. निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच व्हायला हवा. मी एक गोंधळ तेवढा सोडवतो, कारण त्यापायी लोक चुकीच्या वेळी ऑपरेशन नाकारतात. करवंदताईंचा भाऊ आणि तुमचे अण्णा यांच्या आजाराचं नाव एक असलं तरी अवस्था वेगळी आहे.

मेलॅनोमा कातडीतून निघाला की बहुधा आधी त्या भागाचं लसिकाजल (लिम्फ) जिथे जाऊन गाळलं जातं त्या गाठीत पोचतो. पायाचा जांघेत, हाताचा काखेत, चेहऱ्याचा मानेत. 1892 साली लंडनचे हर्बर्ट स्नो यांनी मत मांडलं की गाठ हाताला लागायची वाटच बघू नका, आधीच काढा. त्यावर पुढची शंभर वर्षं वाद चालला. कारण अशा सरसकट काढलेल्या गाठींमध्ये बहुतेकांच्या काहीच सापडायचं नाही आणि पाय मात्र सुजून बसायचा. 1992 मध्ये अमेरिकेत डोनाल्ड मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधला रस्ता दाखवला. लसिकाजल ज्या गाठीत सगळ्यात आधी पोचतं ती शोधायची, तेवढीच काढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. आम्ही तिला सेंटिनल नोड म्हणतो. मराठीत पहारेकरी गाठ म्हणा. पहारेकरी शाबूत असेल तर आतल्यांना त्रास द्यायचा नाही.

मग पुढचा प्रश्न आला. पहारेकरी गाठीतच आजार निघाला तर काय? आम्ही सगळ्या गाठी काढायचो. मी स्वतः कितीतरी काढल्यात. 2016 मध्ये जर्मनीतली चाचणी आली आणि 2017 मध्ये एमएसएलटी-2 नावाची दुसरी मोठी चाचणी, त्यात 1,900 हून जास्त रुग्ण होते. अर्ध्या लोकांच्या उरलेल्या गाठी लगेच काढल्या, अर्ध्यांवर सोनोग्राफीने नजर ठेवली आणि गाठ वाढली तरच ऑपरेशन केलं. तीन वर्षांनी दोन्हीकडे मेलॅनोमाने दगावले नाहीत असे 86 टक्के. सूज मात्र लगेच गाठी काढलेल्यांत 24 टक्क्यांना आणि नजर ठेवलेल्यांत 6 टक्क्यांना. मेलबर्नच्या भावाला जे केलं ते या निकालाला धरून आहे, आणि बरोबर आहे.

आता नीट वाचा. या चाचण्यांतल्या रुग्णांची गाठ आधी हाताला लागत नव्हती. आजार सूक्ष्मदर्शकाखाली सापडला होता. अण्णांची सव्वातीन सेंटीमीटरची गाठ बोटाला लागते, सुईत सिद्ध झालीय. त्यांच्यासाठी "गाठी काढून उपयोग नाही" हे वाक्य लिहिलेलंच नाही. अण्णांना ऑपरेशन लागणार असंच मला दिसतंय. आज प्रश्न क्रमाचा आहे, आणि क्रमाबद्दल तुमचे दुसरे सर्जन जे सांगताहेत ते नवं आहे, उगाच नाही.

संध्याकाळी पुढचं लिहितो. आणि पाय राहतो, हे अण्णांना आजच सांगा.

निलगिरी | 5 फेब्रुवारी, संध्याकाळी 5:15

मी ब्रिस्बेनला नर्स आहे. इथे मेलॅनोमा म्हणजे घरोघरचा आजार. पहारेकरी गाठ शोधतात कशी, हे वाचकांसाठी सांगते. ऑपरेशनच्या आधी डागाभोवती टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन देतात, मग मशीनखाली ते कुठल्या गाठीकडे सरकतं ते बघतात. ऑपरेशनच्या टेबलावर पुन्हा निळा रंग टोचतात. सर्जनच्या हातात पेनासारखं यंत्र असतं, ते गाठीजवळ नेलं की जोरात आवाज करतं. निळी दिसते आणि बोलते ती गाठ आपली. दुसऱ्या दिवशी पेशंटची लघवी हिरवी-निळी होते. आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून बेल वाजवत सुटतो, म्हणून मी प्रत्येकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवते.

अण्णांची गाठ आधीच सापडलीय, त्यामुळे त्यांना या शोधाची गरज नाही. सुईदोरा म्हणतात ते अगदी खरं.

सांजवात | 5 फेब्रुवारी, रात्री 9:10

लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं. मी मालवणकडची. 2016 मध्ये डाव्या तळपायाच्या मेलॅनोमासाठी माझ्या जांघेतल्या सगळ्या गाठी काढल्या. तेव्हा आधी औषध वगैरे काही नव्हतं. आज मी आहे, नातवाच्या मुंजीत जेवण वाढलंय, हे पहिल्यांदा सांगते.

त्रासही सांगते, कारण मला तो कुणी सांगितला नव्हता. जांघेतली नळी तेवीस दिवस होती. बाटलीत रोज किती पाणी जमलं ते वहीत लिहायचं, मी दुधाच्या हिशेबाच्या वहीतच लिहायचे. जखमेच्या मधोमध कातडीची कड काळी पडली, ती भरायला दीड महिना लागला. सूज आली ती पाचव्या महिन्यात. आधी संध्याकाळी पैंजण रुतायला लागलं, मग सकाळीही उतरेना. आमच्याकडे सुजलेला पाय बघितला की लोक एकच विचारतात, हत्तीपाय झाला काय? मी लग्नाकार्यात जायची बंद झाले होते. दोन वर्षं अशीच काढली. नंतर फिजिओथेरपिस्टने पट्ट्या बांधायला शिकवलं आणि मापाचा मोजा करून दिला, तेव्हा पाय हलका झाला. मोजा पहिल्या दिवसापासून मिळाला असता तर ती दोन वर्षं गेली नसती.

आणखी एक. माझी गाठ आधी एका ठिकाणी कापून अर्धवट काढली होती, तपासणीसाठी म्हणून. नंतरच्या सर्जनला तो सगळा व्रण कातडीसकट काढावा लागला. तुमच्याकडे नुसती सुई घातली हे फार चांगलं झालं.

चिंचगुळ | 5 फेब्रुवारी, रात्री 9:48

सांजवात, तुमची वही डोळ्यांसमोर आली. 🙏 माझ्या आईच्याही तळपायाला काळं काहीतरी आहे. कुरूप आणि हे, ओळखायचं कसं?

बोरकूट | 5 फेब्रुवारी, रात्री 10:02

आणि हे उन्हाने होतं ना? तळपायाला ऊन कुठून लागणार?

निलगिरी | 6 फेब्रुवारी, पहाटे 4:30

बोरकूट, उन्हाचा संबंध गोऱ्या कातडीवरच्या नेहमीच्या मेलॅनोमाशी. तळहात, तळपाय आणि नखाखाली होणाऱ्या प्रकाराला अ‍ॅक्रल म्हणतात, त्याचा उन्हाशी संबंध नाही. आपल्या लोकांना मेलॅनोमा कमी होतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा इथेच होतो. बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये हाच सापडला होता, आधी वाटलं फुटबॉल खेळताना लागलंय. 1981 मध्ये तो गेला तेव्हा 36 वर्षांचा होता.

चिंचगुळ, कुरूप चालताना टोचतं, तासलं की आत पिवळसर कठीण कातडी दिसते. काळा रंग तासूनही आत उतरत गेलेला दिसला, कड वाकडीतिकडी असली, दोन-तीन छटा असल्या, वाढत असला, भरून न येणारी जखम झाली, तर ब्लेड बाजूला ठेवा आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. आणि काहीही कापलं तर तो तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. आईचं उद्याच दाखवा.

सुईदोरा | 6 फेब्रुवारी, रात्री 8:25

काल उशीर झाला, माफ करा. क्रमाबद्दल.

जुनी पद्धत अशी की आधी गाठी काढायच्या आणि मग वर्षभर इम्युनोथेरपी द्यायची. नव्या विचाराचं कारण सोपं आहे. ही औषधं कॅन्सरला थेट मारत नाहीत, आपल्या पांढऱ्या पेशींवरचा लगाम सोडतात. कुत्र्याला माग काढायला लावायचं तर आधी वास द्यावा लागतो. गाठ शरीरात असताना औषध दिलं तर पेशींना तो वास भरपूर मिळतो. गाठ काढून टाकल्यावर दिलं तर वास द्यायला काही उरत नाही.

2023 मध्ये अमेरिकेतल्या एस1801 चाचणीचा निकाल आला, 313 रुग्ण. औषध एकच, पेम्ब्रोलिझुमॅब, आणि एकूण डोसही सारखे, 18. फरक एवढाच की एका गटाला त्यातले तीन ऑपरेशनच्या आधी दिले. दोन वर्षांनी आजार न वाढता किंवा न परतता राहिलेले तिकडे 72 टक्के, सगळे डोस नंतर घेतलेल्यांत 49 टक्के. नुसता क्रम बदलून एवढा फरक मी माझ्या कामाच्या आयुष्यात क्वचित पाहिलाय.

स्पष्टवक्ता, तुमच्या काकांचे ते तीन महिने आणि हे नऊ आठवडे सारखे नाहीत. तिथे नुसती वाट बघितली, इथे उपचार चालू असतो. पण तुमची भीती मी खोडून काढत नाही. काहींचा आजार याच काळात वाढतो. म्हणून दर डोसला सर्जनने स्वतः जांघेला हात लावून बघायचं, मधे स्कॅन करायचा, वाढतंय असं दिसलं तर लगेच टेबलावर घ्यायचं.

आणि एक प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. या चाचण्यांत तळपायाच्या प्रकाराचे रुग्ण थोडे होते, आणि हा प्रकार औषधाला तुलनेने कमी दाद देतो. तरीही अण्णा माझे पेशंट असते आणि औषध मिळणार असतं, तर मी आधी औषधच दिलं असतं.

पवनचक्की | 6 फेब्रुवारी, रात्री 10:40

मी नेदरलँड्समध्ये रुग्णालयात फार्मसिस्ट आहे. इथल्या ख्रिश्चन ब्लँक यांच्या गटाने 2024 मध्ये नाडिना नावाची चाचणी प्रसिद्ध केली. दोन औषधं एकत्र, इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब, ऑपरेशनच्या आधी फक्त दोनदा. 423 रुग्ण. वर्षभराने आजार न वाढता किंवा न परतता राहिलेले 83.7 टक्के, आधी ऑपरेशन केलेल्यांत 57.2 टक्के. काढलेल्या गाठीत दहा टक्के किंवा त्याहून कमी जिवंत पेशी उरल्या असे 59 टक्के निघाले, त्यांना पुढे औषधच दिलं नाही.

त्याआधी प्राडो नावाच्या छोट्या अभ्यासात, 99 रुग्णांत, त्यांनी आणखी धीट पाऊल टाकलं होतं. सगळ्यात मोठ्या गाठीत आधी खूण बसवली, औषधानंतर तेवढी एकच गाठ काढली, आणि तिच्यातला आजार जवळपास मेलेला असला तर बाकीच्या जांघेला हातच लावला नाही. सांजवातताई, तुमचं लिहिणं वाचून मला हाच अभ्यास आठवला. ज्यांची ती नळी आणि ती सूज वाचली, ते इथे आले की माझ्याशी चालत-बोलत असतात.

पण जोड औषधाचा त्रासही मोठा आहे. गंभीर दुष्परिणाम साधारण 30 टक्के लोकांना झाले. आतड्याला सूज, यकृत, थायरॉइड. घरापासून रुग्णालय तीन-चार तास लांब असेल तर हा मुद्दा फार महत्त्वाचा.

स्पष्टवक्ता | 6 फेब्रुवारी, रात्री 11:15

डॉक्टर, आता समजलं. मी काकांच्या रागातून लिहिलं होतं. कोयनाकाठ, माझा कालचा सल्ला मागे घेतो. तुम्ही ज्यांच्याकडे जाल त्यांना "मधे वाढलं तर काय करणार" हे मात्र विचाराच.

बोरकूट | 7 फेब्रुवारी, सकाळी 9:20

प्राडोसारखं एकच गाठ काढणं आपल्याकडे नाही का करत?

सुईदोरा | 7 फेब्रुवारी, दुपारी 1:05

अजून अभ्यासाचा भाग आहे, सर्रास करायची पद्धत नाही. शिवाय अण्णांचा प्रकार तळपायाचा, त्यात मी ती जोखीम घेणार नाही. त्यांच्या पेट स्कॅनमध्ये ओटीपोटातल्या गाठी स्वच्छ असतील तर जांघेतला वरचा थर काढून भागू शकतं, आतल्या थरात शिरायची गरज नाही. हा प्रश्न सर्जनला जरूर विचारा, कारण किती खोल जायचं हे सगळीकडे एकाच पद्धतीने ठरवत नाहीत.

ओंजळ | 7 फेब्रुवारी, दुपारी 2:30

पैशाचं कुणी बोललं नाही. मी रुग्णालयांत समाजसेवा विभागाबरोबर काम करते, म्हणून लिहिते. ऑपरेशनसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा. या औषधाच्या एकेका डोसचा खर्च मात्र लाखांत जातो. कंपन्यांच्या सवलत योजना असतात, त्या डॉक्टरांमार्फतच अर्ज करून मिळतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि ट्रस्ट यांचे अर्ज पहिल्या डोसच्या आधी टाका. बिल भरून झाल्यावर मदत मिळवणं फार अवघड जातं.

कमी डोसच्या निवोलुमॅबबद्दल कुणी सांगेल. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 20 मिलिग्रॅमचा डोस वापरून फायदा दाखवला आहे, पण तो डोक्या-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये. मेलॅनोमात ऑपरेशनच्या आधी तसं चालेल असं आपणच ठरवू नका.

कोयनाकाठ | 9 फेब्रुवारी, रात्री 10:10

सगळ्यांचं वाचून काढलं, अण्णांनाही वाचून दाखवलं. सांजवातताईंची वही ऐकून ते म्हणाले, "त्या बाईला माझा रामराम सांग."

काल दोन्ही सर्जन, औषधवाले डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट असे एकत्र बसले. पहिले सर्जनही म्हणाले की औषध परवडणार नाही असं धरून त्यांनी थेट ऑपरेशन सुचवलं होतं. ते आधीच बोलले असते तर बरं झालं असतं. ठरलं असं: पेम्ब्रोलिझुमॅबचे तीन डोस, तीन-तीन आठवड्यांनी. मधे स्कॅन. मग टाच आणि जांघ एकाच वेळी. जोड औषध नको म्हणाले, कारण आम्ही लांब राहतो. "मधे वाढलं तर" विचारलं. उत्तर मिळालं, आठवड्याच्या आत ऑपरेशन.

सवलत योजनेत नाव लागलंय. उरलेल्यासाठी मागच्या वर्षीच्या उसाचे पैसे आणि बहिणीने दिलेले. जनुक तपासणीत बीआरएएफ जनुकातला बदल नाही निघाला, त्यामुळे त्या बदलावर चालणाऱ्या गोळ्यांचा रस्ता बंद आहे.

करवंद | 9 फेब्रुवारी, रात्री 10:31

फार बरं वाटलं. मी भावाचं उदाहरण देऊन तुम्हाला भलत्याच वाटेला लावलं असतं.

चिंचगुळ | 20 फेब्रुवारी, दुपारी 12:15

आईचं दाखवलं. साधं कुरूप निघालं, वर डांबर लागलेलं होतं! डॉक्टरांनी तरी दुर्बिणीतून बघितलं आणि "आणलंत ते योग्य केलंत" म्हणाले.

कोयनाकाठ | 16 एप्रिल, रात्री 9:00

तीन डोस झाले. दुसऱ्या डोसनंतर अण्णा सारखे झोपाळलेले, थंडी वाजते म्हणायचे. रक्त तपासलं तर थायरॉइड मंदावलेलं. रोज सकाळची एक गोळी सुरू झालीय, बहुधा कायमची. गाठ सव्वातीनवरून दोन सेंमीवर आलीय. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. सूज येऊ नये म्हणून आधीपासून काय करावं?

चालताबोलता | 16 एप्रिल, रात्री 11:20

मी लसिका सुजेवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट. सांजवातताईंची दोन वर्षं वाचून वाईट वाटलं, तुमची जाऊ देऊ नका. ऑपरेशनच्या आधी दोन्ही पायांची मापं घ्या: घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, टेपने, दर दहा सेंटीमीटरवर. ती वहीत लिहा. नंतर सूज दिसायच्या आधी टेपला कळते. जखम भरली आणि सर्जनने हो म्हटलं की मापाचा मोजा, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचा. बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करून बघायच्या. चिखल्या झाल्या तर त्याच दिवशी औषध, तिथूनच जंतू शिरतात. पाय अचानक लाल आणि गरम झाला, ताप आला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर. गरम पाण्याचा शेक आणि कुणाच्याही हातचं रगडून मालिश अजिबात नको.

कोयनाकाठ | 19 मे, रात्री 8:45

उशिरा लिहितोय, धावपळ होती. ऑपरेशनला साडेपाच तास लागले. टाचेवरचा भाग दोन सेंटीमीटरची कड ठेवून काढला. त्या जागी तळपायाच्या आतल्या कमानीवरची कातडी, तिच्या रक्तवाहिनीसकट फिरवून आणली, आणि कमानीवर मांडीची पातळ कातडी लावली. सर्जननी चित्र काढून दाखवलं. म्हणाले, टाचेवर भार पेलायला तळपायाचीच कातडी हवी, मांडीची फाटते. अण्णांनी ते चित्र मागून घेतलं, उशीखाली ठेवलंय.

जांघेतला वरचा थरच काढला. मांडीचा एक स्नायू वळवून मोठ्या रक्तवाहिन्यांवर पांघरला. नळी एकोणीस दिवस होती. वहीत लिहीत गेलो: 210, 180, 160, मधे एकदा 240 झालं तेव्हा मी रात्री डॉक्टरांना फोन केला. शेवटी सलग दोन दिवस तीसच्या खाली आलं तेव्हा काढली. जखमेची कड इंचभर काळी पडली, रोज ड्रेसिंग चाललंय. सांजवातताईंचं वाचलेलं होतं म्हणून घाबरलो नाही.

रिपोर्ट: तेरा गाठी, त्यातल्या दोनमध्ये आजार. मोठीत 40 टक्के पेशी जिवंत, बाकी मेलेल्या. गाठीच्या बाहेर आजार फुटलेला नाही. डॉक्टर, याला काय म्हणायचं?

सुईदोरा | 19 मे, रात्री 11:05

अंशतः प्रतिसाद म्हणायचं. पूर्ण साफ झालं असतं तर मलाही जास्त आनंद झाला असता. पण तळपायाच्या प्रकारात एवढी दाद मिळणं ही चांगली बाब आहे, आणि गाठीबाहेर फुटलेला नाही हेही. उरलेले डोस पूर्ण करायचा प्रयत्न करा. पहिली दोन वर्षं तपासणीची एकही तारीख चुकवू नका. दर वेळी जांघ, टाच, आणि टाच ते जांघ यांच्या मधली कातडीही बघायला सांगा, तिथे बारीक गाठी उठू शकतात. घरीही आंघोळीच्या वेळी हात फिरवून बघा.

सांजवात | 20 मे, सकाळी 6:40

अण्णांना सांगा, काळी कड भरते. माझी भरली.

कोयनाकाठ | 2 जुलै, रात्री 9:30

भरली. कालपासून मोजा सुरू. टेपने घोट्यावर दीड सेंमी फरक दाखवलाय, डोळ्यांना अजून काही दिसत नाही. पाचवा डोस सोमवारी झाला.

इकडे पाऊस लागलाय, शेजारच्या खाचरात लावणी चाललीय. अण्णा काठी घेऊन बांधापर्यंत जातात, तिथे उभे राहून माणसांना ओरडतात आणि परत येतात. आज विचारत होते, चिखलात उतरू का. मी नाही म्हटलं तर दिवसभर बोलले नाहीत. चालताबोलता ताई, मोज्यावरून गमबूट घातला तर बांधावर तरी तासभर उभं राहू देऊ का?

चालताबोलता | 2 जुलै, रात्री 10:15

बांधावर हो, चिखलात या वर्षी नको. बूट उजव्या पायाला एक नंबर मोठा घ्या, आतून शिवण टोचत नाही ना ते हाताने बघा. घरी आल्यावर मोजा काढून पाय धुवायचा, बेचक्या पुसायच्या, टाचेच्या नव्या कातडीवर फोड-ओरखडा आहे का ते आरशात बघायचं. तिथे अजून जाण कमी असेल, टोचलेलं त्यांना कळणार नाही.

कोयनाकाठ | 3 जुलै, संध्याकाळी 7:50

पाटणच्या बाजारात दोन जोड घ्यावे लागले, एक नऊ नंबर, एक दहा. उजवा दहाचा, डावा नऊचा. उरलेले दोन चुलत्याच्या अंगणात ठेवलेत. अण्णा साडेचारला बांधावर गेले ते आत्ता परत आले. आरसा आणि टेप घेऊन बसलोय.